तीन तांब्यांचा एक तांब्या

बेळगावला जाऊन आलो असं सांगितलं की आमच्या नाशिकची माणसं दोनच प्रश्न विचारतात. कुंदा आणला का, आणि तिकडं खरंच मराठी बोलतात का? कुंदा आणला, एक किलो, दोन दिवसांत संपला. मराठी बोलतात, आणि आपल्यापेक्षा गोड बोलतात. आता बाकीचं सांगतो. मार्चमधल्या आठ दिवसांत मी तिथल्या सत्तेचाळीस विहिरींचं पाणी तपासलं, एकदा चष्मा विहिरीत पाडला, आणि मी सहज दिलेल्या तीन शब्दांच्या सल्ल्यामुळं एक तीन महिन्यांची मुलगी धोक्यातच राहिली. ती आता बरी आहे, हे आधीच सांगतो, म्हणजे वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको.

येळ्ळूर

मी नाशिकला पाणी तपासणाऱ्या एका छोट्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं नोकरी करतो. माझा कॉलेजातला मित्र परशराम पाटील बेळगावात रसायनशास्त्र शिकवतो आणि राहतो शेजारच्या येळ्ळूर गावात. शहरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळं जुन्या वस्त्यांमधून घराघरांतल्या विहिरी अजून वापरात आहेत. त्या पाण्यात काय उतरलंय हे एकदा मोजून काढू, असं परशरामनं आणि चार निवृत्त मंडळींनी ठरवलं. यंत्र माझं, बाटल्या त्यांच्या. मी रजा टाकून गेलो.

"आला का वाघोबा!" बसस्टँडवर परशराम ओरडला. माझं आडनाव वाघ, आणि हा विनोद तो तीस वर्षं करतो आहे. "बघ रं, वाघ पाण्यावर आला."

येळ्ळूरला त्याच्या घरी पहिलं जेवण भाताचं. आमच्याकडं भात म्हणजे भाकरीनंतरचे दोन घास. इथं तो घरच्या शेतातला बासमती, आणि त्याचा वास अंगणात चपला काढतानाच येतो. वहिनींनी तिसऱ्यांदा वाढला तेव्हा मी ताटावर हात धरला. "असं कसं वो?" त्या म्हणाल्या. "पाव्हण्यानं मोजून खायचं आसतंय व्हय?" मी मोजूनच खातो, पण त्या दिवशी मोजणी सोडली.

रात्री ओसरीवर आम्ही कार्डं लावून ठेवली. प्रत्येक घरी एक कार्ड द्यायचं होतं, त्यावर पाण्याचे आकडे आणि एक शेरा. कार्डावर मराठी वर की कन्नड वर, यावर त्या चार निवृत्तांची म्हणे दोन बैठका चर्चा झाली होती. शेवटी एका बाजूला कन्नड आणि दुसऱ्या बाजूला मराठी छापलं. पुढं मी पाहिलं, ज्यानं त्यानं आपापली बाजू पुढं करून कार्ड भिंतीला टांगलं होतं. सगळे खूश.

खासबाग

खासबाग ही शहरातली विणकरांची जुनी वस्ती. गल्लीत शिरलं की मागांची खडखड सुरू होते, आणि पहिले दोन तास बोलणं ओरडूनच करावं लागतं. इथं प्रत्येकाचा संशय एकच, साड्यांच्या रंगाचं पाणी विहिरीत उतरतं. त्यासाठीचे नमुने मी वेगळ्या बाटल्यांत आम्ल घालून घेतले. त्यांचे निकाल नाशिकला लागतील तेव्हा लागतील, त्यावर आज बोलत नाही. जागेवर मोजता येत होतं ते नायट्रेट. शोषखड्ड्यांतून, फुटक्या गटारांतून ते जमिनीत मुरतं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. लिटरला पंचेचाळीस मिलिग्रॅमच्या वर गेलं तर पाणी पिण्यास अयोग्य, ही आपल्याकडची मर्यादा. सहा महिन्यांखालच्या, बाटलीचं दूध पिणाऱ्या बाळांना ते सगळ्यात घातक. रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद त्यानं कमी होते आणि ओठ-नखं निळसर पडतात.

पाणी काढण्याची इथली रीत मला फार आवडली. विहिरीपाशी चप्पल घालून जायचं नाही. पहिली घागर काढून तुळशीला किंवा झाडाला ओतायची, मग पुढचं पाणी घरात. आमच्या नियमावलीतही पहिलं पाणी टाकून द्या, बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा, असंच लिहिलेलं असतं. मी बाटली विसळू लागलो की घरातल्या बायका समाधानानं माना हलवायच्या. शास्त्रानं आपलं ऐकलं असं त्यांना वाटत असावं.

दुसरी रीत मात्र अवघड. घरात पाऊल टाकलं की गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी पुढं येतं. पाणी त्याच विहिरीचं, जे मी तपासायला आलो आहे. तपासल्याशिवाय पीत नाही असं म्हणणं म्हणजे त्या घराला नावं ठेवणं. मी सगळीकडं प्यालो. ही नोंद अहवालात केलेली नाही. गुळाचे खडे एकतीस झाले, तेही माझ्या मधुमेहाच्या डॉक्टरांना कुणी सांगू नये.

पहिल्याच दिवशी नवव्या घरी कांबळे सर भेटले. निवृत्त मुख्याध्यापक, वय बाहत्तर. विहीर चौतीस फूट खोल, कठड्यावर त्यांच्या वडिलांचं नाव सिमेंटमध्ये कोरलेलं. वडील निपाणीला तंबाखूच्या वखारीत हमाल होते. पुढं बेळगावात येऊन त्यांनी ही एवढीशी जागा घेतली आणि घर बांधायच्या आधी भावांना घेऊन विहीर खणली.

"माझी आजी गावच्या विहिरीपासून लांब उभी राहायची," सर म्हणाले. "वरनं कुणी ओतलं तर पाणी, न्हाय तर तशीच परत. म्हणून आमच्या बापानं ठरवलं, भिंती मागनं होतील, आधी पाणी."

यंत्रावर आकडा आला अडतीस. मर्यादेच्या आत. मी कार्डावर 'पिण्यास योग्य' लिहिलं. सरांच्या पत्नी, ज्यांना सगळी गल्ली आक्का म्हणते, त्यांनी कार्ड दोन्ही हातांनी घेतलं आणि विचारलं, "अण्णा, तान्ह्या लेकराला चालंल न्हवं हे पाणी?"

खरं म्हणजे अडतीस हा आकडा मर्यादेपासून फक्त सातनं लांब होता, आणि लेकरू म्हटल्यावर मी जपून बोलायला हवं होतं. पण बाहेर परशराम पुढच्या घरासाठी हाका मारत होता. मी म्हणालो, "चालेल. उकळून द्या."

सव्वीस वर्षं मी हेच सांगत आलो. जंतूंसाठी ते बरोबरच आहे.

चष्मा आणि गळ

चौथ्या दिवशी त्याच गल्लीत पुढच्या एका विहिरीवर दोरीनं खोली मोजायला वाकलो आणि चष्मा पाण्यात गेला. शेजारच्या बायका हसून हसून कठड्याला टेकल्या.

"वाघ आपलं डोळं धुतोय गं!" परशराम म्हणाला.

विहिरीत पडलेलं भांडं काढायला लोखंडी आकड्यांचा झुबका असतो, त्याला गळ म्हणतात. गल्लीत गळ एकाच घरी असतो, आणि तो नेताना आपला तांब्या तारण ठेवायचा, गळ परत केला की तांब्या परत. आमच्याकडं शिडी, पहार सगळं उसनं जातं आणि जिथं जातं तिथंच राहतं. इथला नियम मी नाशिकला नेणार आहे. तर या गल्लीतला गळ कांबळे सरांकडं होता. शेजारणीचा तांब्या घेऊन मी त्यांच्या स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो.

"बसा वो," आक्का म्हणाल्या. "एवढं पाणी उतरलं की देते काढून."

गॅसवर मोठं पातेलं होतं. पाणी नुसतं उकळत नव्हतं, बराच वेळ उकळून खाली गेलं होतं, भांड्याच्या आतल्या बाजूला पांढरी रेघ दिसत होती. आक्कांनी एक बांबूची काडी पाण्यात उभी धरली. काडीवर तीन खाचा होत्या.

"ही काडी कशाला?"

"आटलं का बघायला. तिसऱ्या खाचंला आलं की बंद. तीन तांब्यांचा एक तांब्या. आमच्या सासूबाईंनी शिकवलंय. बाळाच्या पोटात कच्चं पाणी जाऊ द्यायचं न्हाय."

"कुठलं बाळ?" मी विचारलं. घरात बाळ दिसत नव्हतं.

"आमची नात की, आर्या. तीन म्हैन्यांची हाय. सुजाता बाळंतपणाला हितंच आलती, आता निपाणीला सासरी गेलीया. बँकेत जाती, म्हणून बाटलीचं दूध. तिकडं गेल्यावर पोरीचं पोट बिघडलं, पाणी बदललं न्हवं! मग मीच म्हटलं, आमच्या हिरीचं पाणी तिला मानवतंय, दर तीन दिवसांनी आटवून क्यान धाडते. कंडक्टर वळखीचा हाय. तुमच्या कार्डानं लई बरं वाटलं बघा. विहीणबाई म्हणत हुत्या, कशाला एवढा खटाटोप? त्यांना म्हटलं, तपासून घेतलंय, अण्णांनी लिहून दिलंय."

मी पायरीवर बसलो होतो तो उठलो. उकळल्यानं जंतू मरतात, पण नायट्रेट वाफेबरोबर जात नाही. पाणी जातं, ते मागं राहतं. अडतीस गुणिले तीन, एकशे चौदा.

मी यंत्राची पेटी आणली. पातेल्यातलं पाणी निवल्यावर त्यात शुद्ध पाणी मिसळून मोजलं, कारण यंत्राची मजल तेवढी नाही, आणि हिशेब उलटा केला. एकशे दहा. म्हणजे मर्यादेच्या अडीचपटीच्या घरात, आणि ते तीन महिन्यांच्या मुलीच्या दुधात.

सर बाहेरून आले. मी वही मिटून घेतली, ते त्यांना दिसलं असावं.

"वाघ, आकडा सांगा," ते म्हणाले. "पस्तीस वर्षं गुणपत्रिकांवर सह्या केल्यात. आकड्याला मी भीत न्हाय."

मी सांगितला. माझा सल्लाही सांगितला, तीनच शब्दांचा, कारण आटवणं आधीचं असलं तरी त्यावर शिक्का माझाच बसला होता. सरांनी तिथल्या तिथं निपाणीला फोन लावला आणि विहीणबाईंना कॅनचं पाणी बंद करायला सांगितलं. त्यांच्याकडं नळाचं पाणी होतं, तेवढ्यापुरतं ते साधं उकळून वापरायचं ठरलं.

आक्कांनी पातेलं पुढं ओढलं. आतल्या पांढऱ्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "म्हंजे आमटी आटली की खारट हुती, तसंच?"

"तसंच," मी म्हणालो. इतक्या सोप्या भाषेत मला ते कधी सांगता आलं नव्हतं.

"मीठ जातंय कुठं, पाणीच जातंय," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला. "मीच आटवत गेले की वो. दोन तास शेगडीम्होरं हुबी राहून."

चष्मा परशरामनं काढला. गळाच्या चौथ्या फेरीला दांडी अडकून वर आला, काच शाबूत. त्या दिवशी त्यावर कुणी हसलं नाही.

निपाणी

फोन झाला तरी मुलीला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय चैन पडणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं सर, आक्का आणि मी निघालो. आक्का खिडकीशी बसल्या. तवंदीचा घाट आला तेव्हा सरांनी मला बाहेर बोट करून शेतं दाखवली. तंबाखू निघून गेलेली काळी रानं, मधूनच वाळत घातलेला पाला. निपाणीत उतरल्यावर वासानं मला सलग सात शिंका आल्या.

"आमची आई रोज एवढ्या शिंकायची," सर म्हणाले. "वखारीत वीस वर्षं."

सुजाताचं घर बाजाराच्या मागं. तिनं बँकेतून रजा घेतली होती. आर्या तिच्या मांडीवर जागी होती, कपाळाला काजळाची तीट. रंग मला ठीक वाटला, पण माझ्या वाटण्याला काही अर्थ नाही, मी पाण्याचा माणूस.

विहीणबाई बाहेर आल्या. ठसक्याची बाई. "या, सर. बेळगावचं पाणी लई भारी म्हणून सांगत हुतासा!"

सरांनी मान खाली घातली. आक्का म्हणाल्या, "बोला, विहीणबाई. आज तुमचा दिस हाय."

त्यावर त्या बाईंचा ठसकाच गेला. त्यांनी आक्कांना हाताला धरून आत नेलं. मग म्हणाल्या, "रडली की व्हट जरा काळपट दिसायचं पोरीचं. मला वाटलं नजर लागली. तीट लावली, मीठ-मोहऱ्या उतरल्या. मी तरी कुठं डॉक्टरकडं न्हेलं?"

हे ऐकलं आणि आम्ही लगेच निघालो. गावातल्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी मुलीची नखं, ओठ, जीभ पाहिली, बोटाला यंत्र लावलं, आणि मला पाण्याचे दोन्ही आकडे लिहून मागितले. रक्ताचा नमुना कोल्हापूरला पाठवला. "पाणी थांबवलंत हे उत्तम केलंत," त्या म्हणाल्या. "पोट बिघडलेलं असताना हे आणखी वाढतं. आज इथंच ठेवू. रंग बदलला की मला हाक मारा."

तो दिवस आम्ही दवाखान्याच्या बाकावर काढला. मला दुसरं काही येत नाही म्हणून मी विहीणबाईंच्या घरी जाऊन नळाचं पाणी मोजलं. सहा. पुन्हा मोजलं. सहाच. परत येऊन सांगितलं तेव्हा सुजाता पहिल्यांदा हसली. "म्हणजे काका, सहाचं पाणी टाकून आम्ही एकशे दहाचं बसनं मागवत होतो?"

"पोट मग कशानं बिघडलं हुतं?" विहीणबाईंनी विचारलं.

डॉक्टर म्हणाल्या, बाटल्या नीट उकळत नसाल. तेही खरं निघालं. पाणी तीन तांब्यांचं एक करणाऱ्या घरांत बाटलीचं बूच नुसतं विसळलं जात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्हापूरहून निकाल आला. नायट्रेटनं निकामी झालेल्या रक्ताचं प्रमाण असायला हवं त्यापेक्षा जास्त, पण औषध द्यावं लागेल इतकं नाही. पाणी बदललं की आपोआप उतरेल. नेमका आकडा डॉक्टरांनी सुजाताला सांगितला. तो त्या मुलीचा आहे, म्हणून मी इथं लिहीत नाही. आक्का बाकावरून उठल्या आणि डॉक्टरांच्या पाया पडू लागल्या. डॉक्टर बाई वयानं लहान, त्या मागं सरकून भिंतीला टेकल्या. मीही हात जोडले. कुणाला जोडले ते मला नीट सांगता येणार नाही. डॉक्टरांना, त्या पडलेल्या चष्म्याला, आणि बहुतेक त्या काडीला, जिच्यावर खाचा नसत्या तर मला काही कळलंच नसतं.

निघताना विहीणबाईंनी माझ्या हातात कागदात बांधलेली लाल मिरचीची चटणी दिली. "तुमच्याकडं काय तिखट खात न्हाईत म्हणं. थोडीथोडी घ्या."

पुन्हा खासबाग

बेळगावात परतल्यावर मी राहिलेल्या विहिरी संपवल्या. आदल्या कार्डांपैकी जिथं आकडा तीसच्या वर होता तिथं परत जाऊन शेरा बदलला. 'तान्ह्या बाळाच्या दुधासाठी वापरू नये' असं हातानं लिहिलं, दोन्ही बाजूंना; कन्नड बाजू परशरामनं लिहिली. काहींनी कुरकुर केली. घर विकायचं आहे, लोक काय म्हणतील. एका गृहस्थांनी कार्ड घेतलंच नाही.

शेवटच्या दुपारी सरांच्या अंगणात सगळ्या घरांना बोलावलं होतं. बावीस माणसं आली. मी तक्ता टांगला, विहीर ते शोषखड्डा किती फूट, कुठं किती आकडा, सगळं नीट सांगितलं. लोक सभ्यपणानं ऐकत होते, म्हणजे कंटाळले होते. नावं वाचायची नाहीत असं आम्ही आधी ठरवलं होतं. पण सर उठले आणि विहिरीच्या कठड्यावर वडिलांच्या नावाखाली खडूनं ठळक अडतीस लिहिलं. "ही आमची," ते म्हणाले. "उद्या रंगानं लिहितो."

मग आक्का उभ्या राहिल्या. काडी हातात होती.

"ह्या काडीनं मी माझ्या नातीचं पाणी आटवत हुते," त्या म्हणाल्या. "तीनाचं एक. आमटी आटली की खारट हुती गं बायांनो, तसं त्यातलं वाईट सगळं तिच्या दुधात गेलं. अण्णांनी वळखलं म्हणून वाचली. माझ्या हातनं झालं. तुमच्यात कोण आटवतंय?"

पहिल्यांदा एका म्हातारीनं हात वर केला, पण तिच्या घरात तान्हं बाळ नव्हतं. नंतर आणखी दोघींनी. शेवटी फाटकाशी उभी असलेली एक तरुण बाई पुढं आली. तिच्या सासऱ्यांनी आम्हाला दोनदा दारातूनच परत पाठवलं होतं, आमचं पाणी चांगलं हाय म्हणून.

"आमच्यात चाराचं एक करत्यात," ती हळू आवाजात म्हणाली. "दोन म्हैन्यांचा हाय."

माझी संध्याकाळची बस होती. ती मी दुसऱ्या दिवसावर टाकली. मी यंत्र पेटीत भरेपर्यंत आक्का चपला घालून फाटकाबाहेर पडल्या होत्या, मागं ती बाई, तिच्या मागं आम्ही. सासरे दारात आडवे आले. आक्का त्यांना म्हणाल्या, "सरका भावजी, मागनं भांडा," आणि आत गेल्या.

बाळ पाळण्यात झोपलं होतं. सरांनी गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबवून ठेवली आणि त्याला आईसकट दवाखान्यात नेलं. ते ठीक आहे, हे मला रात्री कळलं. मी तोवर विहिरीचं पाणी काढून तपासलं. एकसष्ट. शेगडीवरच्या पातेल्यातलंही मोजावं म्हणून बाटली घेऊन आत गेलो, तर आक्कांनी ते मोरीत ओतून टाकलं होतं आणि पातेलं घासायला घेतलं होतं. माझ्या वहीत तेवढा एक रकाना कोरा आहे.